रस्ता आधी कागदावर उखडतो

नव्याने सरपंच झालेल्या एका ताईंनी विचारलंय: ‘आमच्या गावाला फाट्याशी जोडणारा चार किलोमीटरचा रस्ता दोन पावसाळेही टिकत नाही. गावकरी ठेकेदाराला शिव्या घालतात. ठेकेदार तालुक्यातलाच आहे. तो म्हणतो, चौदा महिने बिल नाही. अभियंते म्हणतात, काम अंदाजपत्रकाप्रमाणे झालंय. आता काही जण म्हणतात, पुढच्या वेळी बाहेरची मोठी कंपनी आणा. नियोजनात नेमकं काय सुधारायचं? आणि स्थानिक ठेकेदाराला न्याय द्यायचा म्हणजे काय करायचं?’

ताई, तिघंही खरं बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. मी एका जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षं अंदाजपत्रकं केली, मोजमाप पुस्तिका लिहिल्या, ठेकेदारांना नोटिसा काढल्या. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या अनुभवात तो एकच आहे. अंदाजपत्रकात जी चूक राहते ती ठेकेदाराच्या अंगावर पडते, आणि ठेकेदार ती रस्त्याच्या अंगावर ढकलतो. खडीचा थर दोन इंचांनी उतरतो, रोलरच्या फेऱ्या कमी होतात, डांबर हात राखून पडतं. तुम्हाला दिसतो तो खड्डा. त्याचं मूळ दोन वर्षांपूर्वीच्या एका तक्त्यात असतं.

त्या तक्त्याला आम्ही ‘लीड चार्ट’ म्हणतो. खडी, मुरूम, वाळू, डांबर कुठून येणार आणि ते ठिकाण साइटपासून किती किलोमीटरवर आहे, हे त्यात लिहायचं असतं. दरसूचीतल्या मूळ दरात या अंतराप्रमाणे वाहतूक धरली की कामाचा दर तयार होतो. दिसायला किरकोळ कागद. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी मी एका रस्त्याचं अंदाजपत्रक मार्चच्या गर्दीत केलं आणि लीड चार्ट शेजारच्या जुन्या कामातून जसाच्या तसा उतरवला. त्यात खाण अठरा किलोमीटरवर दाखवली होती. ती खाण दीड वर्षापूर्वीच बंद पडली होती आणि चालू क्रशर बेचाळीस किलोमीटरवर होता.

याचा हिशेब करून बघा. पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्याला खालचे दोन थर मिळून दाबल्यावर तीस सेंटीमीटर धरले, तर किलोमीटरला साधारण पाचशे ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) सुटा माल लागतो. हायवात, म्हणजे मोठ्या टिपरात, साडेपाच ब्रास बसतो. म्हणजे किलोमीटरला नव्वद खेपा, चार किलोमीटरला तीनशे साठ. प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन अठ्ठेचाळीस किलोमीटर जादा. सतरा हजार किलोमीटरच्या वर गाडी फुकट पळाली. लिटरला तीन किलोमीटर धरा आणि डिझेलचा भाव नव्वद रुपये धरा, तर नुसत्या डिझेलचे जवळपास सव्वापाच लाख होतात. ड्रायव्हर आणि टायर वेगळे. त्या ठेकेदाराने हे कुठून भरून काढलं असेल? काम चालू असताना मी त्याला थर कमी पडतोय म्हणून दोनदा नोटीस काढली. दोन्ही नोटिसा नियमाला धरून होत्या. लीड चार्टवर सही मात्र माझीच होती, आणि तिच्यासाठी मला कुणी नोटीस काढली नाही.

म्हणून पहिली सूचना: अंदाजपत्रक तांत्रिक मान्यतेला जाण्याआधी लीड चार्टवर खाणीचं नाव, गट नंबर आणि ती चालू असल्याची त्या महिन्यातली खात्री असायला हवी. तालुक्यात खडी कुठे मिळते हे ठेकेदाराला, क्रशरवाल्याला, अगदी चहाच्या टपरीवरही माहीत असतं. आपण विचारत नाही एवढंच. निविदेआधी ठेकेदारांची बैठक घ्यायची पद्धत मोठ्या कामांना आहे. लहान कामांनाही उपविभागात एक तास बसून ‘या अंतरात कुणाला चूक दिसते का?’ एवढं विचारता येतं. संगनमत होईल अशी भीती घालतात. खाण कुठे आहे हे विचारण्यात कसलं संगनमत?

आता वाहतूक. तुमचा पट्टा उसाचा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून यावर जरा थांबतो. रस्त्याची जाडी दोन गोष्टींवर ठरते: खालच्या मातीची ताकद आणि वरून जाणारा भार. भाराचं गणित सरळ वाढत नाही. आस-भार, म्हणजे चाकांच्या एका आसावर येणारं वजन, वाढला की नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. ठरल्यापेक्षा वीस टक्के जास्त भार आला की नुकसान दुप्पट, आणि दीडपट भार आला की पाचपट. २०१८ मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची भारमर्यादाच वाढवली. दोन आसांचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेला. गावचे रस्ते होते तसेच राहिले.

वाहतूक कशी मोजायची हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या गावाबाहेरच्या रस्त्यांसाठीच्या संहितेत स्पष्ट लिहिलंय: वर्षातून किमान दोनदा, दरवेळी सात दिवस. त्यातली एक मोजणी सुगीच्या आणि बाजाराच्या ऐन हंगामात, दुसरी मंदीच्या काळात. प्रत्यक्षात अंदाजपत्रकं कधी होतात? निधीचं पत्र आलं की. ते जूनमध्ये आलं तर मोजणी जूनमध्ये. जूनमध्ये तुमच्या रस्त्यावर चार दुचाकी, दोन रिक्षा आणि दुधाचा टेम्पो दिसणार. नोव्हेंबरपासून त्याच रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. रोज पाच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा दहावा हिस्सा ऊस तुमच्या वाटेने येत असेल, तर पंचवीस-तीस भरलेल्या खेपा रोज झाल्या, आणि त्या चार-पाच महिने. पाणी पिऊन फुगलेल्या काळ्या रानातून त्या वर चढतात, साइडपट्टी दाबतात, डांबराची कड तोडतात. उसाच्या गावात रस्ता आधी कडेने का खचतो हे लोक विचारतात, त्याचं मोठं कारण हे.

यात वर्गवारीचाही गुंता आहे. १९४३ साली नागपुरात देशभरच्या मुख्य अभियंत्यांनी बसून राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गाव अशी रस्त्यांची उतरंड ठरवली. आपण अजून तिच्यावरच चालतो. कागदावर तुमचा रस्ता ‘ग्रामीण मार्ग’ असणार, म्हणून रुंदी आणि थर त्या बेताचे. कारखाना झाला, क्रशर झाला, रस्त्याचं काम बदललं, पण वर्ग बदलण्याचा प्रस्ताव कुणी पाठवला नाही. दर्जोन्नतीचा ठराव ग्रामपंचायतीने करून जिल्हा परिषदेकडे पाठवायला पैसे लागत नाहीत, फक्त वर्षानुवर्षं पाठपुरावा लागतो. तो ठराव घ्या.

माती आणि पाणी यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथलं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. काळ्या मातीची ताकद मोजणारा सीबीआर दोन-तीनच्या घरात असतो आणि मुरमाड माळाचा त्याच्या कितीतरी पट. चार किलोमीटरमध्ये दोन्ही असतात. पण एका खड्ड्याचा नमुना घेऊन सगळ्या लांबीला एकच जाडी लावलेली मी कितीतरी अंदाजपत्रकांत पाहिली. मग माळावर पैसे वाया जातात आणि काळ्या रानात कमी पडतात. मोऱ्यांचंही तसंच. सहाशे मिलिमीटरचा पाइप टाकून ओढ्याला वाट दिली असं आपण समजतो. पहिल्याच पावसात त्यात पाचट, प्लास्टिक आणि झुडपं अडकली की पाणी रस्त्यावरून जातं. पाणी कुठून चढतं हे नकाशावर कळत नाही. शेजारच्या शेतकऱ्याला कळतं. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० सालच्या डिसेंबरात सुरू झाली. तिच्यात आखणी पक्की करण्याआधी अभियंता, सरपंच, तलाठी आणि गावकरी यांनी मिळून रस्ता पायी चालायची अट आहे. कागदोपत्री ही शिवारफेरी सगळीकडे होते. फोटोही असतात, बहुतेक वेळा गाडीशेजारी उभं राहून काढलेले. तुम्ही खरंच चाला. चार किलोमीटरला दीड तास लागतो. सोबत एखादी साठीच्या पुढची बाई असू द्या. पाणी कुठे गुडघ्याला लागतं ते तिला अभियंत्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आणि पाइपलाइन. जल जीवन मिशन २०१९ मध्ये आलं, त्यानंतर गावोगाव चर खोदले गेले. खोदाई वाईट नव्हती, पाणी हवंच. पण रस्त्याचं काम एका खात्याकडे, पाण्याचं दुसऱ्या, केबलचं तिसऱ्या, आणि तिघांची एकमेकांशी बोलणी नाहीत. नुकत्याच झालेल्या रस्त्याच्या साइडपट्टीतून चर गेला, वर माती लोटली, पावसात ती बसली आणि डांबराची कड लटकली. रस्ता दोषदायित्व कालावधीत, म्हणजे बिघाड ठेकेदारानेच दुरुस्त करायच्या मुदतीत होता, म्हणून दुरुस्तीची नोटीस रस्त्याच्या ठेकेदाराला. त्याने काय केलं होतं? इथे ग्रामपंचायतीच्या हातात बरंच आहे. तुमच्या हद्दीत कुणालाही खोदायचं असेल तर आधी दोन्ही ठेकेदार आणि शाखा अभियंता यांना जागेवर बोलवा. फोटो काढा, लांबी मोजा, आणि चर बुजवण्याची जबाबदारी कुणाची ते पंचनाम्यात लिहून सह्या घ्या. पुढची भांडणं त्या एका कागदावर मिटतात.

आता बाहेरची मोठी कंपनी आणण्याबद्दल. लहान-लहान दहा-बारा रस्ते एकत्र बांधून एक मोठी निविदा काढायची, याला ठेकेदार ‘क्लब टेंडर’ म्हणतात. यामागे काही रास्त कारणं आहेत. खात्याची माणसं कमी, देखरेख एकाच ठिकाणी, आणि डांबर-खडी गरम मिसळणारा स्वतःचा हॉट मिक्स प्लांट असलेला ठेकेदार मिळतो. पण मग वार्षिक उलाढालीची, आधीच्या मोठ्या कामाच्या दाखल्याची आणि प्लांटच्या अंतराची अट येते, आणि तालुक्यातले सगळे एका फटक्यात बाहेर. पुढे काय होतं ते मी पाहिलंय. काम बाहेरच्याला मिळतं आणि तो ते तुकड्या-तुकड्याने तालुक्यातल्याच ठेकेदारांना देतो, पंधरा-वीस टक्के खाली. माणसं, रोलर, खाण सगळं तेच. फक्त रस्त्यात घालायचे पैसे कमी झाले. शिवाय पोटठेकेदाराच्या नावावर अनुभवाचा दाखला चढत नाही, म्हणून पुढच्या निविदेलाही तो अपात्रच राहतो. चार-पाच कोटींच्या आतल्या गावरस्त्यांचं क्लबिंग करू नये, या मताला मी आलोय. प्लांटचीच अडचण असेल तर वरच्या डांबरी थराची निविदा वेगळी काढता येते. माती, मोऱ्या, खडीकरण स्थानिकाला द्या.

पण स्थानिक म्हणून डोळे झाकून पाठराखण मी करणार नाही. आपल्या राज्यात ठराविक मर्यादेपर्यंतच्या कामांचा काही हिस्सा मजूर सहकारी संस्थांना आणि काही सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना वाटपाने दिला जातो. हेतू चांगला. नोकरीच्या मागे न लागता उभे राहिलेले, आज शेदोनशे लोकांना काम देणारे अभियंते मी याच वाटेने वर आलेले पाहिलेत. आणि ज्यांचे मजूर फक्त हजेरीपटावर राहतात अशा संस्थाही पाहिल्यात. नाव एकाचं, काम दुसऱ्याचं, मधल्याला टक्केवारी. लायसन भाड्याने देणारा माणूस गावातलाच आहे म्हणून तो स्थानिक ठेकेदार होत नाही. ज्याचं लायसन त्याची यंत्रसामग्री किंवा तिचा भाडेकरार, त्याचा अभियंता आणि त्याची माणसं साइटवर आहेत का, हे महिन्यातून एकदा तपासलं तरी निम्मं भाडं बंद होतं.

दुसरं पाप ‘बिलो’चं. म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस टक्के, कधी तीस टक्के खाली भरलेल्या निविदा. दहा टक्क्यांच्या खाली गेलं की जादा अनामत भरावी लागते, तरी लोक भरतात, कारण मशीन दाराशी उभी आहे आणि हप्ता चालू आहे. एवढ्या खाली काम होतं कसं, हे खातं विचारतं, ठेकेदार दरपृथक्करण, म्हणजे दराचा बाबवार हिशेब, लिहून देतो, आणि तो कागद फाइलला लागतो. तो मी स्वतः न वाचता फाइलला लावलेला आहे. तो खरंच वाचावा. खडीचा दर क्रशरच्या दरपत्रकापेक्षा खाली दाखवला असेल तर निविदा तिथेच थांबवावी. प्रामाणिकपणे पाच टक्के खाली भरणाऱ्या माणसावरचा खरा अन्याय इथे होतो, आणि तोही बहुधा त्याच तालुक्यातला असतो.

आता बिलाचं. चौदा महिने. काम झालं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, उपविभागातून विभागात गेलं, लेखा शाखेने तपासलं, आणि तिथे ‘निधी नाही’. कसा असेल? अर्थसंकल्पात नाममात्र तरतूद टाकून कामं मंजूर होतात, कारण मंजुरीचा नारळ लगेच फोडता येतो. हातात दहा रुपये असताना पन्नास रुपयांचे कार्यारंभ आदेश निघाले की चाळीस रुपये कुणाच्या तरी घरातून येणार. तो ‘कुणीतरी’ म्हणजे तुमचा ठेकेदार. चाळीस लाख अडकले आणि त्याने शेकड्याला महिना दीड रुपयाने उचलले असतील, तर चौदा महिन्यांचं व्याज आठ लाख चाळीस हजार होतं. त्याचा नफा एवढा नव्हता. बिलातून आयकर, जीएसटीचा टीडीएस, मजूर कल्याण उपकराचा एक टक्का, अनामत, आणि रॉयल्टीच्या पावत्या नसतील तर रॉयल्टीही कापली जाते. २०२२ च्या जुलैत सरकारी बांधकामांवरचा जीएसटी बारावरून अठरा टक्के झाला, तेव्हा बाराच्या हिशेबाने निविदा भरलेले कित्येक जण फरकाच्या रकमेसाठी खेटे घालत राहिले.

यावर काय करता येईल? किमान निम्मा निधी हातात असल्याशिवाय कार्यारंभ आदेश देऊ नये, असं मी नोकरीत असताना दोन बैठकांत म्हणालो होतो. दोन्ही वेळा विषय पुढे ढकलला गेला. ते तुमच्या हातात नाही. पण बिलांची ज्येष्ठता यादी मागणं तुमच्या हातात आहे: कोणतं बिल कोणत्या तारखेला लेखा शाखेत आलं आणि कोणतं कधी निघालं. ३१ मार्चच्या रात्री निधी येतो आणि काही बिलं उडी मारून पुढे जातात, हे सगळ्यांना माहीत असतं. यादी भिंतीवर लागली की उड्या कमी होतात. लहान बिलांसाठी निधीचा एक हिस्सा बाजूला ठेवला तरी दहा-वीस लाखांची बिलं अडकलेले निम्मे लोक सुटतील.

कायद्याचा आधार मिळेल असं ठेकेदारांना वाटतं. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायची आणि उशिराला बँकदराच्या तिप्पट व्याजाची तरतूद आहे. पण बांधकामाच्या कंत्राटांना तो लागू होत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. आपल्याकडे सरकारी कामांसाठी ठेकेदाराशी होणाऱ्या बी-१ नमुन्याच्या करारात कलम ३० प्रमाणे वादावर अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम असतो, म्हणजे ज्या खात्याशी भांडण त्याच खात्याचा निर्णय. ही लवादाची तरतूद मानता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. तेव्हा उरतो दिवाणी दावा. तीस लाखांसाठी पंधरा वर्षं कोर्टात जाणारा लहान ठेकेदार मला अजून भेटायचाय.

म्हणून तुमच्या ठेकेदाराला माझा निरोप द्या. त्याने कागद नीट ठेवावेत. बहुतेक स्थानिक ठेकेदार इथेच मार खातात, कारण साहेब ओळखीचे असतात आणि पत्र लिहिणं त्यांना भांडण वाटतं. काम सुरू करण्याआधी जमिनीच्या पातळ्या शाखा अभियंत्याबरोबर घेऊन त्याच दिवशी सह्या घ्याव्यात. नंतर मातीकामाच्या मोजमापावरून वाद झाला की तेवढाच पुरावा असतो. शेतकऱ्याने अडवलं, झाडतोडीची परवानगी आली नाही, पाऊस लांबला, तर त्याच आठवड्यात पत्र. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत. अंदाजपत्रकात नसलेलं काम ‘करून टाक, बघू नंतर’ असं तोंडी सांगितलं तर नम्रपणे लेखी मागावं. आणि त्याच बी-१ करारातलं कलम ३८ वाचावं. एखाद्या बाबीचं परिमाण निविदेपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढलं आणि त्या वाढीची रक्कम त्यात दिलेल्या मर्यादेपलीकडे गेली, तर जादा परिमाणाला नव्याने दर मागता येतो. माझ्या हाताखालून गेलेल्या ठेकेदारांपैकी फार थोड्यांनी हा हक्क वापरला. मी तो कुणाला आपणहून सांगितला असं आठवत नाही.

तुम्ही मात्र पुढच्या बैठकीची वाट बघू नका. या दिवाळीनंतर कारखान्याचा बॉयलर पेटेल. मग शाळेतल्या दोन मोठ्या मुली आणि ग्रामपंचायतीचा शिपाई यांना दिवसा, पाळी लावून दोन तरुणांना रात्री, फाट्यावर बसवा आणि सात दिवस चोवीस तास मोजा. भरलेली ट्रॉली, रिकामी ट्रॉली, हायवा, टेम्पो, एसटी, असे वेगळे रकाने पाडायचे. शेवटी सगळ्यांच्या सह्या आणि ग्रामसभेचा ठराव जोडून एक प्रत उपविभागात द्यायची आणि आवक नंबर घ्यायचा. रकान्यांचा नमुना मी आखून पाठवतो, माझ्याकडे जुनी वही आहे.